इंग्लंडमधल्या मच वेन्लॉक गावातल्या कॉटेजबद्दल तुम्ही लिहिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

घरं विकून देणाऱ्या माझ्या एजन्सीबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय परवा वाचला, काल परत वाचला. तुमचं म्हणणं असं, की ‘कॅरेक्टर कॉटेज’ (जुन्या धाटणीचं टुमदार घर) या शब्दांमागे आम्ही घरातली ओल लपवली, स्टँप ड्यूटीचा आकडा चुकीचा सांगितला आणि ऑफर मान्य झाल्यावर घर दुसऱ्याला दिलं. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘मराठी बाई म्हणून विश्वास टाकला, तिनेच परकं केलं.’ तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहिते आहे.

ओलीचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. ते घर ओकच्या लाकडी चौकटीचं. चौकटीच्या मधल्या भिंती हेझलच्या काटक्या विणून त्यावर माती, गवत आणि शेण लिंपून केलेल्या, म्हणजे आपल्या कोकणातला कूडच. आपल्याकडे कारवी, इथे हेझल. अशी भिंत ओल घेते आणि सोडते, म्हणून तिच्यावर चुन्याचाच गिलावा हवा. या घराच्या मागच्या भिंतीवर मात्र कोणीतरी कधीकाळी सिमेंट थापलंय. सिमेंटला भेग पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट उरत नाही. तुम्ही जिन्याखाली पाहिलेले पोपडे त्याचेच. ते सिमेंट मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. माहितीपत्रकात मी तुळया लिहिल्या, मोठी चूल लिहिली, आणि सिमेंट लिहिलं नाही. घेणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम होईल अशी गोष्ट गाळणं इथल्या ग्राहक कायद्यात बसत नाही, आणि मलाही ते पटत नाही. मनापासून माफी मागते. आता आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या घराच्या पत्रकात भिंत कशाची, गिलावा कशाचा आणि दाराची उंची किती, हे सुरुवातीलाच येतं. तुमच्या कपाळाला लागलेली तुळई मी विसरलेले नाही.

एक विनंती मात्र आहे. सर्व्हेमध्ये, म्हणजे तुम्ही करून घेतलेल्या घराच्या तपासणीत, ओल मोजायच्या यंत्राचे मोठे आकडे पाहून तुम्ही ‘हे घर पडायला आलंय’ असं लिहिलंत. ती यंत्रं मुळात लाकडासाठी बेतलेली असतात. जुन्या भिंतीत क्षार साठले असले तरी ती आकडा मोठा दाखवतात. पुढचं जुनं घर बघाल तेव्हा भिंतीत ओल रोखायचं रसायन टोचून घेण्याआधी चुन्याचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. भिंतीत रसायन भरणं हाच ज्यांचा धंदा, ते दुसरं काही सुचवण्याची शक्यता कमी.

‘डबल ग्लेझिंगसुद्धा (खिडक्यांना दुहेरी काच) करू देत नाहीत’ हेही तुम्ही लिहिलंय. घर ग्रेड टू यादीतलं, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेलं आहे, हे पत्रकात पहिल्याच ओळीत होतं. अशा घराच्या खिडक्या परवानगीशिवाय बदलणं १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते. यात मी कुणालाच सूट मिळवून देऊ शकत नाही.

आता स्टँप ड्यूटी. ३,२५,००० पौंडांच्या घरावर मी फोनवर ६,२५० सांगितले, आणि तुमच्या सॉलिसिटरने, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाने, २२,५००. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मधले १६,२५० तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमुळे आले. नवरा-बायकोपैकी कोणाच्याही नावावर जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल आणि स्वतःचं राहतं घर विकून तुम्ही नवं घेत नसाल, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के लागतात. तुम्ही कॉव्हेंट्रीत भाड्याने राहता. भारतात काही आहे का, हे मी विचारलं नाही. आपल्या माणसांपैकी किती जणांचा गावाकडे एखादा फ्लॅट असतो, हे माझ्याइतकं इथल्या दुसऱ्या कुठल्या एजंटला ठाऊक असणार? मी विचारायला हवं होतं.

घर दुसऱ्याला गेलं, याबद्दल तुम्ही ‘गोऱ्यांना दिलं’ असं लिहिलंत. घेणारं कोण आणि त्यांनी काय दिलं, हे मी सांगू शकत नाही. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य होणं म्हणजे सौदा पक्का होणं नाही, दोघांनी सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. तोवर आलेली प्रत्येक ऑफर विकणाऱ्याला लेखी कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. ‘कळवू नका’ असं त्यांनी लिहून दिलं असतं, तरच अपवाद. नवी ऑफर आली, मी कळवली, निर्णय त्यांनी घेतला. तुम्हाला बातमी मात्र चार दिवसांनी दिली. तुम्हाला फोन करायचं धाडस होत नव्हतं, हे खरं कारण. तेवढ्यात तुम्ही सर्व्हेवर १,१०० पौंड खर्च करून बसलात. त्याच दिवशी फोन केला असता तर ते वाचले असते. ही रक्कम मी माझ्या ऑफिसकडून परत करते आहे, ईमेल पाठवलाय. हा अभिप्राय काढा असं त्या बदल्यात मी म्हणत नाही, तो राहू दे.

आणि परकेपणाचं. पहिल्या फोनपासून तुम्ही मला ताई म्हणालात, आणि मला ते फार आवडलं. या गावात माझ्याशी मराठीत कोणी बोलत नाही. गिल्डहॉलच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सभागृहाच्या, लाकडी खांबांपाशी उभं राहून आपण पाऊण तास गप्पा मारल्या, तुम्ही डब्यातल्या वड्या दिल्यात. त्या गप्पांत ‘माझं कमिशन विकणारा देतो, मी त्याच्या बाजूने काम करते’ हे एक वाक्य मी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही तुमचं कमाल बजेट मला सांगितलं नसतं. ते मी विकणाऱ्याला सांगितलं नाही, एवढं खात्रीने सांगते. पण तुम्हाला आधी सावध करणं माझं काम होतं, आणि भाषेच्या जिव्हाळ्यात मी ते टाळलं.

तुमचा सर्व्हे अहवाल मी कुणालाही दिलेला नाही, तो तुमचा आहे. या उत्तराने समाधान झालं नाही तर माझ्याकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा लागलेला पटला नाही, तर एजंटांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचा पत्ता ईमेलमध्ये आहे.