इस्रायलने आधी मीटर बसवले, समुद्र नंतर

उन्हाळा लागला की तो फॉरवर्ड येतोच. ‘इस्रायल निम्म्याहून अधिक वाळवंट. तरी तिथे पाणीटंचाई नाही, कारण ते समुद्राचं पाणी गोडं करतात. आपल्याला एवढा मोठा किनारा असताना लातूरला टँकर का?’

वाळवंटाचं खरं आहे. बाकीचं बघू.

‘समुद्रामुळे टंचाई मिटली.’ तारखा पाहा. पाणी मोजूनच द्यायचं, हा कायदा तिथे १९५५चा. १९५९च्या कायद्याने विहिरीचं, ओढ्याचं, अगदी गटाराचंही पाणी सार्वजनिक मालकीचं झालं. उत्तरेतल्या किनेरेत सरोवराचं पाणी दक्षिणेला नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी १९६४ची. आणि समुद्राचं पाणी गोडं करणारा अश्कलोनचा पहिला मोठा प्रकल्प? २००५.

पुढे २००८-०९चा दुष्काळ आला. अश्कलोन चालू असूनही किनेरेतची पातळी धोक्याच्या लाल रेषेखाली गेली. तेव्हा शहरं तगली ती नळ आवळून. टीव्हीवर नामवंतांचे चेहरे कोरड्या रानासारखे भेगाळताना दाखवले, धार कमी करणाऱ्या जाळ्या घरोघर वाटल्या, जादा पाणी वापरणाऱ्यांवर दुष्काळी अधिभार लावला. लोक भडकले, अधिभार काही महिन्यांत थांबवावा लागला, पण लगेच २०१०मध्ये पाण्याचे दरच घसघशीत वाढले. (आमच्या सोसायटीत नळाला मीटर बसवायचा विषय निघाला की सभा तहकूब होते. फॉरवर्ड मात्र त्याच ग्रुपवर येतो.)

‘तिथे टंचाईच नाही.’ सलग कोरड्या वर्षांनंतर २०१८मध्ये किनेरेत पुन्हा खाली गेलं. पुढे तर गोडं केलेलं समुद्राचं पाणी उलट त्या सरोवरात सोडायची सोय करावी लागली. शिवाय इस्रायलच्याच ताब्यातल्या वेस्ट बँकमध्ये (जॉर्डन नदीच्या पश्चिम काठचा प्रदेश) कितीतरी पॅलेस्टिनी गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तो फोटो फॉरवर्डमध्ये नसतो.

‘मग लातूरलाही समुद्राचंच पाणी द्या.’ तेल अवीव, हैफा, अश्दोद समुद्राला खेटून आहेत. लातूर किनाऱ्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर आत, शिवाय सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, मध्ये सह्याद्री. हजार लिटर पाणी गोडं करायलाच तीन-चार युनिट वीज जाते. तेवढंच पाणी सहाशे मीटर चढवायला सुमारे दोन युनिट आणखी, नळातलं घर्षण वेगळं. म्हणजे २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ रेल्वे कायमची चालवण्यासारखं.

इस्रायलकडून उचलायचं तर सांडपाणी उचला. तिथलं जवळपास ९० टक्के सांडपाणी शुद्ध होऊन शेतीला जातं. तेल अवीव परिसराचं तर वाळूत मुरवून, पुन्हा उपसून नेगेवच्या वाळवंटात पोचवतात. त्यामुळे गोडं पाणी शहरांसाठी उरतं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं त्या वर्षीही लातूरच्या गटारांना पाणी होतंच.

आणि मराठवाड्यासाठी आपल्या सरकारने २०१८मध्ये इस्रायलच्याच मेकोरोत कंपनीशी करार केला, तो धरणं एकमेकांना नळांनी जोडण्याच्या आराखड्यासाठी.