घरात दिवसभर कोण असतं?

आमच्याकडे कुत्रा नाही. त्याचं नाव मात्र ठरलंय, दोनदा बदलूनही झालंय, आणि रात्री तो कोणाच्या पायाशी झोपणार यावरून झालेल्या मारामारीत थोरलीचा चष्मा वाकलाय. थोरली आठची, धाकटा चारचा. धाकट्याचे डायपर सुटून आत्ता कुठे घराला स्थैर्य आलं होतं.

थोरलीनं रीतसर अर्ज लिहून फ्रिजवर चिकटवला. 'मी त्याला रोज फिरवीन, जेवायला देईन, शी उचलीन.' खाली सही. शाळेच्या प्रकल्पासाठी लावलेल्या मेथीलाही तिनं असंच वचन दिलं होतं. त्या मेथीचं पुढे काय झालं ते विचारू नका.

नवऱ्याचं म्हणणं, "आमच्या वाड्यात मोत्या होता. शिळी भाकरी खाऊन जगला. त्याला कोण सांभाळायचं?" कोणीच नाही, कारण मोत्या गावभर राहायचा आणि वाड्यात जेवायला तेवढा यायचा. मी सांगितलं, कुत्र्याला कांदा-लसूण चालत नाही, द्राक्षं-बेदाणे चालत नाहीत, चॉकलेट तर नाहीच नाही. आता चातुर्मास सोडला तर कांदा न पडलेलं उष्टं आमच्या घरात मिळणार कुठून? आणि बेदाण्यांचं म्हणाल, तर धाकटा घरात कुठून कुठे गेला हे सांडलेल्या बेदाण्यांवरून कळतं.

मग नवऱ्याला हस्की, म्हणजे बर्फातला केसाळ कुत्रा, सुचला. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे सायबेरियाच्या पाहुण्याला एसी आणि आम्ही पंख्याखाली! शेवटी आणलाच तर गावठी, यावर एकमत झालं. या घरातलं ते एकमेव एकमत.

सासूबाई म्हणाल्या, "घरात कुत्रं नको." नवऱ्यानं लगेच देवघरातल्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "आई, दत्तगुरूंच्या पायाशी चार आहेत." सासूबाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "दत्तगुरूंकडे सोफा नाही."

कुत्र्यांच्या डॉक्टरांना भेटून आलो. डॉक्टर फार चांगले. विकायला काही नसल्यासारखे बोलले. पिल्लाला सुरुवातीला दर दोन तासांनी बाहेर न्यायचं, रात्रीसुद्धा उठायचं. चार ते सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून नवे येतात, आणि तोवर ते दिसेल ते चावतं. (थोरलीचेही दात पडताहेत. ती फक्त पेन्सिली चावते, हे तिचे उपकार.) तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढे वेळापत्रकाप्रमाणे बूस्टर, शिवाय महापालिकेचा परवाना. कुत्रं जेवत असताना किंवा झोपलेलं असताना मुलांनी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि मोठं माणूस जवळ नसेल तर कुत्र्याला आणि मुलांना एका खोलीत सोडायचं नाही. इतकी लहान मुलं असतील तर पिल्लापेक्षा मोठा, शांत कुत्रा दत्तक घेतलेला बरा, असंही ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "घरात दिवसभर कोण असतं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. थोरली माझ्याकडे बघायला लागली. धाकटाही, आणि त्याला तर प्रश्नही कळला नव्हता.

मी घरून काम करते. म्हणजे मी घरात असते आणि माझं काम होत नाही. हे डॉक्टरांना कुठे सांगत बसायचं? परतताना रिक्षात मी हिशेब मांडला: कुत्रं बारा-तेरा वर्षं सहज जगतं. तोवर थोरली विशीची होऊन हॉस्टेलवर, धाकटा क्लासला, आणि पावसात छत्री धरून कोपऱ्यावर कोण उभं? विजेच्या खांबाला विचारा, तो माझं नाव सांगेल.

म्हणून मी अट घातली. आधी तालीम. कुत्र्याशिवाय. रोज सकाळी सहाला पट्टा हातात घेऊन खाली जायचं आणि सोसायटीला दोन फेऱ्या मारायच्या. ज्याला हौस, त्यानं.

पहिल्या दिवशी बापलेक उत्साहानं गेले. रिकामा पट्टा बघून वॉचमननं विचारलं, "साहेब, सुटलं का?" नवरा अर्धवट झोपेत 'हो' म्हणाला. वॉचमननं टॉर्च काढला. दूधवाला पार्किंगमध्ये वाकून बघायला लागला. तळमजल्यावरच्या काकूंनी पोळी आणली आणि 'यू यू' करत झुडपांभोवती फिरल्या. थोरलीला विचारलं तर तिनं रंग, उंची आणि नाव सगळं खुलासेवार सांगितलं. मी गॅलरीतून चहा पीत बघत होते. इतक्या दिवसांत इतका निवांत चहा प्यायले नव्हते.

संध्याकाळी कमिटीची नोटीस आली. 'आपण पाळलेल्या कुत्र्याची नोंद केलेली नाही. लसीकरणाचा दाखला व परवाना आठवड्याच्या आत सादर करावा. तोपर्यंत सदर कुत्र्यास लिफ्टमध्ये मनाई आहे.'

मी म्हटलं, कळवून टाक की कुत्रा नाही. पण नवऱ्याचे डोळे चमकले होते. 2015 सालचं पशु कल्याण मंडळाचं परिपत्रक त्यानं कधीच डाउनलोड करून ठेवलं होतं: सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. सध्या तो उत्तराचा तिसरा मसुदा लिहितोय. दुसऱ्या दिवशी सहाचा गजर झाला तेव्हा कोणी उठलं नाही.