अनुभवाचा अधिभार

अनुभवाला सगळीकडे किंमत असते म्हणतात. मोटारसायकलच्या विम्यात ती आपल्याकडूनच वसूल करतात.

माझी गाडी दरवर्षी जुनी होते. विमा कंपनीच्या लेखी तिची किंमत घसरत जाते, आणि तो घसरलेला आकडा पॉलिसीच्या पहिल्याच पानावर छापलेला असतो. (गाडीला वाईट वाटू नये म्हणून मी ते पान पार्किंगमध्ये उघडत नाही.) मी मात्र दरवर्षी जास्त सराईत होतो. म्हणजे वस्तू स्वस्त झाली, चालवणारा पक्का झाला, तर हप्ता उतरायला हवा. तो चढतो.

हे त्रैराशिक मी रिन्युअलची आठवण करून देणाऱ्या मुलीला फोनवर मांडून दाखवलं.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली. तिचं 'बरोबर आहे' कुठल्याही वाक्यानंतर येतं, हे पुढे कळलं.

"अहो, इतकी वर्षं चालवतोय, एकदाही क्लेम केलेला नाही."

"हो सर, म्हणून तर तुम्हाला पूर्ण नो-क्लेम बोनस आहे."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे आता याच्यापुढे वाढत नाही, सर."

खरी गोम इथे आहे. बोनसला छत असतं, हप्त्याला नसतं. सुरुवातीची काही वर्षं सूट वाढत जाते, माणूस हुरळतो, आणखी जपून चालवतो. मग ती एका टक्क्यावर येऊन बसते, आणि त्यानंतरचं सगळं सद्वर्तन आपण धर्मादाय करतो. त्यातून माझ्या पॉलिसीत ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर आहे. थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला लागलं तर द्यायच्या भरपाईचा, माझ्या चारित्र्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

तरी तो बोनस आम्ही जपतो. किती, ते सांगतो. मध्यंतरी कुणीतरी माझी उभी गाडी पाडून निघून गेलं. आरसा फुटला, इंडिकेटर लोंबकळायला लागला, क्लचची लिव्हर वाकली, टाकीला पोचा आला. विमा असतो तो अशाच दिवसासाठी, म्हणून मी उत्साहाने कागद काढले आणि वाचत गेलो. आधी ठरावीक रक्कम माझ्या खिशातून. मग जुन्या भागांचा घसारा वजा, प्लास्टिकचा सगळ्यात जास्त; आणि माझ्या गाडीचं जे जे फुटलं होतं ते बहुतेक प्लास्टिकच होतं. उरलेलं कंपनी देणार, आणि पुढच्या वर्षी बोनस शून्य. मी निमूटपणे मेकॅनिकला रोख पैसे दिले. विमा कंपनीला सुगावा लागू नये म्हणून हळू आवाजातच बोललो.

"मग विमा काढता कशाला?" बायकोने विचारलं.

"बोनस मिळतो ना!"

"तो कशावर?"

"हप्त्यावर."

ती पुढे काही बोलली नाही. ती कधीकधी अशी दया दाखवते.

या सगळ्याचं मूळ फार जुनं आहे. १६९३ साली एडमंड हॅलीने, धूमकेतूवाल्याच हॅलीने, ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कुठल्या वयाची माणसं पुढे किती जगतात याचा तक्ता मांडला. होता आयुर्विम्याच्या कामाचा, पण तेव्हापासून विम्याच्या दृष्टीने माणूस हा माणूस राहिला नाही, तो वयोगट झाला. आता माझ्या वयोगटात कोण आहेत पाहा. तरुणपणी गाडी सोडलेले, मुलं मार्गी लागल्यावर अचानक वारा प्यायलेले, आणि पूर्वी कधी हातात न धरलेल्या ताकदीची गाडी घेऊन पहिल्याच वळणावर शेतात उतरणारे. ते आणि मी एकाच रकान्यात! वर आमच्या वयाची हाडं सावकाश जुळतात, म्हणून इस्पितळाचं बिल मोठं. माझी हाडं शाबूत आहेत, हा मुद्दा तिथे वैयक्तिक समजला जातो.

माझ्या बाजूने एक भक्कम साक्षीदार मिळाला होता. हॅरी हर्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल आला १९८१ साली. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोन तृतीयांशांत मोटारसायकलचा जायचा हक्क डावलून आडवा आला होता तो दुसऱ्या वाहनाचा चालक. मी हे फोनवर सांगितलं.

"बरोबर आहे सर. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं चालवलंत तरी धोका राहतोच ना?"

साक्षीदार फुटला. त्याच अहवालात अपघातग्रस्त स्वारांपैकी ९२ टक्के आपलं आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते असंही आहे. ते मी सांगितलं नाही. मला मामाने शिकवलं.

बाकी कारणं तिने भराभरा वाचून दाखवली. उपचार महागले, भरपाईचे आकडे वाढले, आणि विमा कंपन्या स्वतःसुद्धा विमा काढतात, त्याला पुनर्विमा म्हणतात, तोही महागला. म्हणजे जगात कुठेतरी वादळाने शहर झोडपलं की त्याचं ओझं थेंबाथेंबाने माझ्या दुचाकीपर्यंत झिरपत येऊ शकतं. सुटे भाग तर विचारूच नका. पूर्वी हेडलाइट गेला की बल्ब बदलायचा. आता एलईडीचा अख्खा बंद संच बदलतात. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने मोटारसायकलला इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा बसवली, त्याने कितीतरी लोक घसरायचे वाचले असतील याबद्दल वाद नाही. पण तिचा सेन्सर चाकापाशी बसतो, म्हणजे अगदी आपटण्याच्या जागी. जीव वाचवणारी वस्तूच दुरुस्तीचं बिल फुगवते, आणि ते फुगलेलं बिल पाहून जीव जातो.

मी हरलो. चढलेला हप्ता भरायची तयारी दाखवली. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"सर, एक ॲड-ऑन सुचवू? तुमचा बोनस इतक्या वर्षांचा आहे. एखादा क्लेम झाला तरी तो जाऊ नये म्हणून बोनस प्रोटेक्शन घेता येतं."

"म्हणजे विम्यावरच्या सुटीचा विमा?"

"बरोबर आहे सर."

"आणि त्याचे किती?"

कीबोर्डचा खडखडाट झाला. "तुमचा बोनस पूर्ण आहे ना सर, त्यामुळे थोडं जास्त बसेल."