फाटा आणि गाव

जालन्यात गांधी चमनच्या कट्ट्यावर काल बंदरांवरून वाद पेटला. गुरुजींनी बशीतल्या चहात बोट बुडवून फळीवर अख्खा हिंदुस्थान काढला आणि खालच्या टोकावर टिंब दिलं. "केरळचं विझिंजम बंदर! १८ ते २० मीटर निसर्गाचीच खोली. आंतरराष्ट्रीय जलमार्ग अवघा १० सागरी मैल. एका जहाजातला माल दुसऱ्यात चढवायचं हब म्हणतात ते हे!"

"आन् मपल्या कापसाच्या गाठी तिथवर बैलगाडीत नेऊ का?" अण्णा म्हणाले. अण्णांची जिनिंग आहे. मागं त्यांचा कंटेनर कोलंबोत मोठं जहाज चुकल्यामुळं आठ दिवस पडून होता. ते दुखणं अजून ओलं आहे.

"जगाचा विचार कर अण्णा! मलाक्काची सामुद्रधुनी! ग्रेट निकोबारचं नियोजित बंदर!" गुरुजींचा आवाज प्रत्येक नावाला चढत गेला.

"गुरुजी, लांब पल्ल्याची बस गावात शिरत न्हाई, फाट्यावर उतरवती. कोलंबो म्हंजी तसा फाटा. छोट्या फीडर जहाजानं तिथवर जायचं, मोठ्यात चढायचं, दर चढउताराला पैसे मोजायचे. विझिंजमनं फाटा आपल्या हद्दीत आणला, लई चांगलं केलं. पण माल निघतो गावातून. मला गावातच मोठी गाडी शिरंल असं बंदर पाहिजे. पालघरच्या वाढवणला नवं बंदर होणार हाय, तिथं किनाऱ्याजवळच २० मीटर पाणी हाय, न्हावाशेवाला सारखा गाळ उपसत बसावं लागतं. आन् पालघर जालन्याहून एका रात्रीचा रस्ता."

मला हे शंभर टक्के पटतं. कापूस आणि सळई इथून निघते, मग बंदर कुठं हवं हे आपणही बोललंच पाहिजे.

ट्रकवाला बाळू इतका वेळ गप्प होता. "वाढवणला भराव टाकून १,४४८ हेक्टर समुद्र बुजवणार हायेत. तिथल्या कोळ्यांनी जाळं कुठं टाकायचं?"

अण्णा गप्प झाले. उत्तर माझ्याकडंही नव्हतं. पण ७६ हजार कोटींच्या कामात ते आधी मिळायला हवं.

गुरुजींना तेवढीच फट पुरली. "बंदर राहू दे, आपल्या जालन्याच्या ड्रायपोर्टचं, जमिनीवरच्या कंटेनर डेपोचं बोला! २०१५ ला भूमिपूजन झालं!"

"तवाच तुम्ही ड्रायपोर्टजवळ दरेगावला प्लॉट घेतला न्हवं?" अण्णा म्हणाले. " दहा वर्षांत तिथं कंटेनर तर सोडाच, नुसत्या शेळ्या चरतात."

"त्या शेळ्या तुझ्याच आहेत!"

बाळूच्या नाकातून चहा आला. फळीवरचा हिंदुस्थान पुसला गेला, आणि मग शेळ्यांचं भाडं किती लावायचं यावर साडेदहा वाजले.