‘टू’ दिसला म्हणून क्रियापदाची शेपटी छाटू नका

सीमाभागातल्या व्हॉट्सॲप गटांवर इंग्रजीचा एक ‘धडा’ फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ (तुमच्या उत्तराची वाट पाहतोय) हे वाक्य चूक आहे. ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं, म्हणून ‘टू हिअर’ लिहा. एका वाक्यात दोन ‘आयएनजी’ चालत नाहीत. ‘आय ॲम लुकिंग’ तर अशुद्धच, ‘आय लुक’ म्हणा. शंका वाटलीच तर ‘टू’ काढून ‘फॉर’ घाला. आणि अर्ज कसलाही असो, शेवटी हे वाक्य हवंच.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ही गंमत म्हणून सोडून देता येत नाही. कन्नड लिहिता येत नाही आणि मराठी अर्ज टेबलावर पडून राहील अशी धास्ती, त्यामुळे बरेच जण इंग्रजीत अर्ज टाईप करून घेतात. तो धडा वाचून आधी बरोबर असलेलं वाक्य मुद्दाम बिघडवलं जातं.

पहिला मुद्दा, ‘टू’नंतर मूळ रूप, अपवाद नाही. खरी गफलत इथेच आहे. इंग्रजीत ‘टू’ दोन कामं करतो. ‘आय वॉन्ट टू गो’ मधला ‘टू’ क्रियापदाला चिकटलेला असतो, त्याच्यापुढे मूळ रूपच हवं. ‘आय वेंट टू निपाणी’ मधला ‘टू’ मात्र नामाला जोडणारा, आपल्या ‘ला’ किंवा ‘कडे’सारखा. ‘लुक फॉरवर्ड’नंतर येतो तो हा दुसरा. ओळखायचं कसं? क्रियापद काढून त्या जागी साधं नाम ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ बिनतक्रार बसतं. ‘आय वॉन्ट टू युअर रिप्लाय’ कानालाच खटकतं. जिथे नाम बसतं तिथे क्रियापदालाही नामाचा वेश चढवून आणावं लागतं, आणि इंग्रजीत तो वेश म्हणजे शेवटी लागणारा ‘इंग’ (आयएनजी).

हे परकं वाटायचं कारण नाही, मराठीत आपण रोज हेच करतो. ‘आपलं उत्तर यायला वाट पाहतो’ असं कोणी म्हणत नाही. ‘उत्तर येण्याची वाट पाहतो’ म्हणतो. ‘ची’ नुसत्या ‘ये’ला लागत नाही, आधी ‘येणे’ हे नाम करावं लागतं. शेजारची कन्नडही हेच करते. ‘नीवु बरुवुदन्नु एदुरु नोडुत्तेवे’, म्हणजे तुमच्या येण्याची वाट पाहतो. ‘बरु’ला थेट प्रत्यय न लावता ‘बरुवुदु’, येणे, असं नाम करून मग ‘अन्नु’ लावलाय. त्यातही ‘एदुरु नोडु’ म्हणजे शब्दशः ‘समोर पाहणे’, जवळजवळ ‘लुक फॉरवर्ड’च की! दोन भाषा कानावर असलेल्या माणसाला हा नियम पाठ करावा लागू नये.

मग गोंधळ का होतो? कारण दोन्ही ‘टू’ मुळात एकच. जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधीचा ‘टू’सुद्धा ‘कडे’ या अर्थाचाच होता आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं विभक्ती लागलेलं रूप येई. पुढे प्रत्यय झिजून गेला, मूळ रूप उरलं. आपल्या ‘करायला’, ‘जायला’ यांच्या टोकाला तो ‘ला’ अजून दिसतो, इतकाच फरक. त्यात शाळेत ‘वॉन्ट टू’, ‘हॅव टू’, ‘गोइंग टू’, ‘एबल टू’ एकापाठोपाठ घोटून घेतले जातात. दुसऱ्या जातीचा ‘टू’ नंतर कधीतरी भेटतो, तोवर हात बसलेला असतो.

त्या जातीतले अर्जात हमखास लागणारे आणखी काही: ‘ऑब्जेक्ट टू’, ‘इन ॲडिशन टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’, ‘ॲकस्टम्ड टू’. म्हणून ‘वी ऑब्जेक्ट टू शिफ्ट द बस स्टॉप’ नाही, ‘वी ऑब्जेक्ट टू शिफ्टिंग द बस स्टॉप’. सगळ्यात फसवा ‘यूज्ड टू’. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन खानापूर’ म्हणजे पूर्वी राहायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन खानापूर’ म्हणजे तिथे राहण्याची सवय आहे. रहिवासाबद्दलच्या कागदावर ही अदलाबदल झाली, तर वाचणारा तुम्हाला गाव सोडून गेलेला समजेल.

नामाची कसोटी काही ठिकाणी मात्र फसते, तेही सांगायला हवं. ‘ॲग्री टू’ला दोन्ही चालतात: ‘ॲग्री टू द टर्म्स’ आणि ‘ॲग्री टू पे’. तिथे नाम बसलं म्हणून ‘ॲग्री टू पेइंग’ करायला जाऊ नका. ‘लुक फॉरवर्ड’बाबत अशी पळवाट नाही.

दोन ‘आयएनजी’चा नियम? त्यात तांदळाएवढं सत्य आहे. ‘इट इज बिगिनिंग रेनिंग’ खरंच वाईट, तिथे ‘बिगिनिंग टू रेन’ लिहितात. पण तिथे दोन ‘इंग’ एकमेकांना टेकून उभे असतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग’ मध्ये मधे दोन शब्द आहेत आणि कामंही वेगळी: पहिला चालू काळ दाखवतो, दुसरा नाम आहे. (‘हिअरिंग’ नाम असतं हे बेळगावात कशाला पटवायला हवं? हा शब्द ऐकला की आपल्याला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्नाचा दावाच आधी आठवतो.)

‘आय ॲम लुकिंग’ अशुद्ध नाही. ‘आय लुक फॉरवर्ड’ जरा औपचारिक, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ जरा मोकळं. कार्यालयाला पहिलं, ओळखीच्याला दुसरं. कर्ता गाळून नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड टू...’ हे मेसेजपुरतं ठीक, अर्जात ‘आय’ लिहायला कंजुषी नको.

‘फॉर’ घालून सुटका होत नाही, ‘लुक फॉरवर्ड फॉर’ चूकच. ‘फॉर’ लागतो तो ‘वेट’ला: ‘वेट फॉर युअर रिप्लाय’. आणि ‘अवेट’ला काहीच लागत नाही: ‘अवेट युअर रिप्लाय’. ‘अवेटिंग फॉर’ ही आपल्याकडच्या टायपिंगची खास पैदास.

धड्यात न सांगितलेली एक चूक याहून घातक आहे. ‘इंग’ नीट लावला, पण त्याचा कर्ता कोण हे पाहिलं नाही. ‘आय लुक फॉरवर्ड टू सँक्शनिंग माय लोन’ असं लिहिलं तर अर्थ होतो, माझं कर्ज मीच मंजूर करण्याची वाट पाहतोय! ‘इंग’ला वेगळा कर्ता दिला नाही तर सहसा वाक्याचा कर्ताच त्याला लागू होतो. ‘हिअरिंग फ्रॉम यू’ चालतं, कारण उत्तर ऐकणारा अर्जदार स्वतःच. मंजुरी साहेबांची असेल तर ‘टू युअर सँक्शन ऑफ द लोन’ लिहा. वरच्या बस स्टॉपच्या वाक्यातही तीच मेख आहे, म्हणून ‘वी ऑब्जेक्ट टू द बस स्टॉप बिइंग शिफ्टेड’ जास्त नेमकं.

राहिला शेवटचा मुद्दा, प्रत्येक अर्जाखाली हे वाक्य हवंच. कशाला? ‘लुक फॉरवर्ड’ म्हणजे नुसती वाट पाहणं नाही, आनंदाने वाट पाहणं. गणपतीला येणाऱ्या पाहुण्याला, नोकरीच्या मुलाखतीनंतर, सभेच्या निमंत्रणाला ते शोभतं. तीन आठवडे नळाला पाणी नाही आणि खाली ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’? व्याकरण शंभर टक्के, अर्ज बिनदाताचा. कारकुनाला त्यातून काय करायचं आणि कधीपर्यंत, हे कळतच नाही. त्या जागी असं लिहा: ‘प्लीज इन्फॉर्म मी इन रायटिंग बाय १५ जुलै व्हेन द पाइपलाइन विल बी रिपेअर्ड.’ कोणी, काय, कधी, कसं, सगळं एका वाक्यात आलं. पोच घेताना आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून घ्यायला तेवढं विसरू नका.