अपडेट एकानं टाळायचं, फोन मी घ्यायचे
परत तेच! माझा धंदा होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आणि मेल सर्व्हरवर चालवायचा. म्हापशाच्या एका गिऱ्हाइकानं वर्डप्रेसचं, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं, जुनं प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) तसंच ठेवलं. साइट हॅक झाली, रात्रभर स्पॅम गेला आणि सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅमवाल्यांच्या ब्लॅकलिस्टमध्ये. शेअर्ड सर्व्हर आहे हो, एकावरच अनेकांच्या साइट! त्याच आयपीवरून फोंड्याच्या हार्डवेअरवाल्याची कोटेशनं जातात, काणकोणच्या होमस्टेची बुकिंगची उत्तरं जातात. सगळ्यांची मेल परत, तीही चतुर्थीच्या तोंडावर. शिव्या मात्र मला. यादीतून आयपी काढायला अर्ज करा, वाट बघत बसा. तोवर ना जेवण, ना झोप. सीपॅनलचं, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं, भाडंही २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर, म्हणजे गिऱ्हाईक वाढलं की खर्च वाढलाच. आणि हाच माणूस विचारतो, "होस्टिंगला वर्षाचे हजार जास्त नाही होत?" अहो, आधी ते प्लगइन अपडेट करा!