आजोबा बारा तास राबत नव्हते हो!

आमच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर अण्णांनी गेल्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज टाकला. तुमच्याकडेही फिरत आला असेल. मतलब असा: युद्धात बेचिराख झालेले जपान-जर्मनी रात्रंदिवस राबून उभे राहिले, इंदूरच्या मिलांत आपले आजोबा बारा-बारा तास खपले म्हणून घरं, सणवार, समाज टिकला, आजची पोरं आठ तासांतच दमतात, आठवड्याला सत्तर तास काम करा, बाकीचं आपोआप सांभाळलं जाईल. सत्तरचा आकडा आणि जपान-जर्मनीचा दाखला नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला होता. आजोबा मात्र कुणीतरी पदरचे घातलेत.

म्हणून आधी आजोबांचंच बघू. माझे काका इंदुरात पाटणीपुऱ्याजवळच्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होते. सकाळी सातची पाळी. साडेतीनला घरी येत ते भुवयांवर कापसाचा भुगा घेऊनच. आजी आधी मोरीत पिटाळायची, मग चहा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला ४८ तासांची हद्द घातली होती, त्यावर थांबवलं तर दुप्पट दराने पैसे. बारा तासांचा दिवस होता, पण तो त्याआधीचा, ब्रिटिश मुलखात १९११ च्या कायद्यातला. तो १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांवर, १९३४ मध्ये ५४ वर आणि १९४६ मध्ये ४८ वर आला. हे कुणाच्या मेहेरबानीने झालं नाही. रविवारची सुट्टीसुद्धा कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांना मुंबईत १८९० मध्ये झगडून मिळवावी लागली.

आणि सण? अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या राजवाड्यावरून जाणाऱ्या मिलांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, ज्याने पाहिल्यात त्याला सांगायला नको. हुकूमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. शंभर वर्षांवर चाललेली परंपरा. काका भाद्रपद लागायच्या आधीपासून पाळी सुटली की झांकीच्या कामाला. सायकलच्या चाकाला दोरी बांधून राक्षसाची मान हलवायची कशी, यावर चार माणसं दोन-दोन तास भांडत बसायची. हे दोन तास साडेतीननंतरचे होते, हे अण्णांच्या मेसेजात कुठे नाही. झांकी उभी राहिली ती वेळेवर वाजणाऱ्या भोंग्यामुळे, ठरलेल्या पगारामुळे आणि उरलेल्या संध्याकाळीमुळे.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. काम गेलं तरी समाज उसवतो. हुकूमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. लाभार्थी सुमारे ४,८०० कामगार आणि त्यांची कुटुंबं. कुटुंबं म्हणतो, कारण कित्येकांच्या नावावर पैसे घ्यायला विधवाच उरल्या होत्या. तरीही झांक्या निघत राहिल्या, वर्गणी आणि मदत गोळा करून. तेव्हा काम नकोच असं माझं म्हणणं नाही. काम हवं, बांधलेल्या तासांचं हवं.

आता ‘बाकीचं आपोआप सांभाळलं जाईल’ हे वाक्य. सत्तर तास सहा दिवसांत वाटले तर दिवसाचे जवळपास पावणेबारा. त्यात जेवणाची सुट्टी, इंदुरातल्या सुदामानगरहून सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसात जाणं-येणं. माणूस तेरा तासांवर घराबाहेर. मग आईचं बीपी कोण तपासणार, पोराचा अभ्यास कोण घेणार, गव्हाचं पीठ कोण दळून आणणार? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज २८९ मिनिटं जातात, तेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८. ‘आपोआप’ म्हणजे ही २८९ मिनिटं. आणि तीच बाई नोकरीलाही जात असेल तर तिचेही सत्तर तास धरायचे का? मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक डबा भरून देणारी कुणीतरी होती.

जर्मनीचं थोडक्यात. १९५६ मध्येच तिथल्या कामगार संघटनांनी शनिवारच्या सुट्टीसाठी मोहीम उघडली, तिची घोषणा होती ‘शनिवारी बाबा माझे’. जपानने अतिकामाने येणाऱ्या मरणाला शब्दच दिला, कारोशी. त्याला आळा घालायला २०१४ मध्ये कायदा केला, २०१८ मध्ये जादा कामाला मर्यादा घातली. आदर्श म्हणून दाखवायला हा देश निवडताना तेवढं तरी वाचायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये आकडा मांडला: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात हृदयविकार व पक्षाघाताने ७ लाख ४५ हजार मृत्यू. सत्तर त्याच्याही वर आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. अण्णा वडीलधारे, आणि मंडळात आरासीची चावी त्यांच्याकडे. परवा त्यांनीच विचारलं, ‘‘यंदा मखराला हात लावायला एकही पोरगा का येत नाही? सात म्हाताऱ्यांनी काय काय करायचं?’’

माझ्या भाच्याचं उत्तर आलं, रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी: ‘‘अण्णा, आत्ता लॉगआउट झालो. रविवारी जमलं तर बघतो.’’